बन्सीचं न्हाणं

चांगुणानं कडूबाईच्या हातातली तेलाची वाटी काढून घेतली. हिसकावली असं कुणी म्हटलं नसतं, पण तेल हिंदकळलं आणि दोघींच्या बोटांवर आलं.

कडूबाई न्हाणीच्या दगडावर पाय लांब करून बसली होती. लुगडं गुडघ्यांपर्यंत सारलेलं, नडग्या जुळवलेल्या. त्यांच्यावर आता चांगुणाच्या बन्सीला पालथं घालायचं एवढंच बाकी होतं. चुलवणावरचं पाणी घंगाळात विसणून झालं होतं, डाळीच्या पिठात साय कालवून झाली होती. तिनं आपल्या रिकाम्या हाताकडं पाहिलं, मग भावजयीकडं पाहिलं आणि भुवया उंचावल्या.

चांगुणानं स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं, मग पोराकडं दाखवलं, मग पाण्याकडं. आजपासून मी घालणार.

कडूबाई हसली. तिला ही थट्टा वाटली असावी, कारण तिनं पोरासाठी हात पुढं केले. तेव्हा चांगुणानं बन्सीला कडेवर घट्ट आवळलं आणि चुलवणात लाकूड सारायच्या निमित्तानं पाठ फिरवली. बहिऱ्या माणसाशी भांडण टाळायला दुसरं काही करावं लागत नाही, पाठ फिरवली की संपलं. जरा वेळानं तिनं वळून पाहिलं तर दगड मोकळा होता. कडूबाई गोठ्याच्या दाराशी उभी राहून बोटांवरचं तेल पदराला पुसत होती.

कडूबाई ही चांगुणाच्या नवऱ्याची, नागनाथची थोरली बहीण. जन्मापासून बहिरी, म्हणून मुकी. तिच्या आधीची दोन लेकरं गेली होती, म्हणून हिचं नाव कडू ठेवलं. कडू वस्तूला कुणी तोंड लावत नाही, सटवीसुद्धा नाही, असा घरच्यांचा होरा. होरा खरा ठरला आणि पोर जगली, पण ऐकणं-बोलणं काही तिच्या वाट्याला आलं नाही. लग्नही झालं नाही. नागनाथ जन्मला तेव्हा ती परकर नेसायच्या वयाची होती, आणि आई शेतात गेली की त्याला न्हाऊमाखू घालायचं काम तिच्याकडं येई. पुढं आई वारली, बाप मुंजाजी थकून अंगणातल्या बाजेवर आला, आणि घर कडूबाईच्या हातांवर चालत राहिलं.

चांगुणा लग्न होऊन या घरात आली त्या दिवशी गावच्या बायका तिचे नाकडोळे निरखत होत्या. कडूबाईनं मात्र तिच्या कानाच्या वरच्या कडेला असलेल्या बुगडीला हलकेच बोट लावून पाहिलं आणि ती खुदकन हसली. चांगुणाच्या आजीची ती बुगडी, सोनपेठहून आलेली. या गावात तसलं कुणाच्याच कानात नव्हतं.

कडूबाईची भाषा शिकायला चांगुणाला फार दिवस लागले नाहीत. म्हातारा मुंजाजी म्हणजे मिशीला पीळ. नागनाथ म्हणजे कपाळावर आडवं बोट, कारण लहानपणी बैलगाडीवरून पडून त्याला तिथं खोक पडली होती. शेजारची धुरपताबाई म्हणजे दातांवरून फिरणारं मिश्रीचं बोट आणि त्यापाठोपाठ बंदच न होणारं तोंड. हे तोंड कडूबाई असं काही हुबेहूब करून दाखवी की चांगुणाला हसता हसता ठसका लागे. समोरच्या माणसासाठी मात्र तिला असलं काही लागत नसे. त्याच्या छातीवर बोट टेकवलं की काम भागे.

बन्सी झाला आणि त्याचं न्हाणं ओघानंच कडूबाईकडं गेलं. तिची रीत निराळी होती. एक तांब्या पाणी ती पोराच्या अंगावर ओती आणि दुसरा भरून तसाच वर धरून थांबे. बन्सीनं पाय झाडले किंवा तिच्या नडगीवर हात आपटला, की मगच दुसरा तांब्या. मग पुन्हा थांबणं. मध्येच ती गाल फुगवी, बन्सी त्यांवर चापटी मारी आणि गाल फस्‌कन रिकामे होत. मध्येच ती मिशीला पीळ देई आणि बाजेकडं बोट दाखवी. मुंजाजी बाजेवरून हे बघत बसे.

"आक्का पोराला न्हाऊ घालायलीय का पोराचा हुकूम घ्यायलीय?" तो म्हणे, आणि स्वतःच हसे.

चांगुणालाही तेव्हा हे बघायला आवडे. मग एके दिवशी धुरपताबाई आपल्या नातीला काखेत मारून आली आणि जोत्यावर बसली.

"हिला बग. मम म्हनती, बाबा म्हनती, कुत्र्याला हाड म्हनती. तुझ्या बन्सीच्या जोडीची हाय ना ही?"

"बोलंल की त्यो बी, धुरपतामाय. घाई काय हाय?"

"बोलंल कुठून? ढवळ्याशेजारी पवळ्या बांधला, वान न्हाई पर गुन लागतो." धुरपताबाईनं न्हाणीकडं हनुवटी उडवली. तिथं कडूबाई तांब्या वर धरून थांबली होती. "न्हाताना लेकराच्या कानात शबूद पडाय पायजे, बाई. तुमच्या न्हानीत निस्ता पान्याचा आवाज."

चांगुणानं हसण्यावारी नेलं. पण धुरपताबाईचं लक्ष पोरावर होतं.

"आन् त्यो कान का वढायलाय गं?"

बन्सीनं डावा कान मुठीत धरला होता आणि तो स्वयंपाकघराच्या दाराकडं, म्हणजे चांगुणाकडं, बघत होता.

"खेळायलाय," चांगुणा म्हणाली.

"खेळू दे बापा. आक्काचं बी कानापासूनच सुरू झालं असंल, आपल्याला काय म्हाईत."

धुरपताबाई चहा पिऊन गेली आणि तिचं वाक्य मागं राहिलं. चांगुणाला त्या दिवशी भाकर गोड लागली नाही. ती पोराकडं निरखून बघू लागली, आणि निरखून बघितलं की जे व्हायचं तेच झालं. बन्सी दिवसातून कितीदा तरी कान धरत होता. सकाळी उठल्यावर धरत होता, ती पाणी आणायला निघाली की धरत होता, भुकेला असला की हटकून धरत होता. आणि तोंडातून एक अक्षर नाही. नुसतं अंऽऽ. कडूबाईही पोटात कळ आली की असंच अंऽऽ करते, हे तिला आठवलं.

म्हणून तिनं तेलाची वाटी काढून घेतली.

आता न्हाणीत शब्दांचा नुसता पूर आला. चांगुणा पोराला नडग्यांवर घेई आणि बोलायला लागे ते अंग पुसेपर्यंत.

"हे पानी. पानी म्हन. हा तांब्या. ही आई. म्हन आई. आऽऽई. म्हन की रे माझ्या राजा, एकडाव म्हन."

सर्दी होईल या भीतीनं ती तांब्यामागून तांब्या ओते. बन्सी गुदमरे, पाय झाडे, तिच्या नडगीवर हात आपटे, पण पाणी त्याच्या हुकमानं थांबत नसे. मग तो रडू लागे. रडता रडता तिच्या तोंडाकडं टक लावून बघे आणि कान धरून ओढे.

त्याबरोबर चांगुणा उठे. लसूण घालून कढवलेलं तेल तिनं कोनाड्यात तयारच ठेवलं होतं. ते कोमट करून, पोराचं डोकं मांडीवर दाबून ती दोन्ही कानांत थेंब सोडी आणि वर कापसाचे बोळे घाली. हे धुरपताबाईनंच सांगितलं होतं. बन्सी किंचाळून निळा पडे. हात सुटला की पहिलं काम काय, तर पुन्हा कान धरणं. की पुन्हा तेल.

एकदा कडूबाई गोठ्यातून धावत आली. तिनं आधी जोरजोरानं हात हलवून नको नको केलं. मग आपल्या कानाची वरची कड चिमटीत धरली, पोराकडं बोट दाखवलं, पुन्हा कान धरला. तिच्या घशातून कसलासा आवाज निघत होता. चांगुणाला वाटलं, ती सांगतेय, माझंही असंच झालं होतं, माझेही कान असेच दुखायचे. कडूबाईनं तिच्या छातीकडं बोट आणलं तोवर तिनं पाठ फिरवली होती. पाठीवर दोनदा थाप पडली, मग पडायची थांबली.

त्या दिवसापासून न्हाण्याच्या वेळी कडूबाई न्हाणीपाशी थांबली नाही. पाणी मात्र तीच तापवी. पहाटे चुलवण पेटवी, घंगाळ भरून ठेवी, पीठ-साय कालवून ठेवी, आणि चांगुणा पोराला घेऊन आली की उठून शेण भरायला जाई. तिनं काही तक्रार केली असती तर बरं झालं असतं असं चांगुणाला वाटे. मग वाटे, हिला वाईट वाटलं तर वाटलं, मला माझं लेकरू बघायचंय.

"पोरी!" एकदा मुंजाजी बाजेवरून ओरडला. "अगं किती हाका मारल्या? हाकंला ओ तरी द्यावी मानसानं. हाक मारनाराचा जीव टांगनीला लागतो."

"ओ, मामा. ध्यान नव्हतं."

"तुझं ध्यान हाय कुठं आजकाल?"

ते कुठं आहे हे सगळ्या घराला माहीत होतं.

नागनाथ पाथरीला दवाखान्यात न्यायला तयार झाला, पण विद्यापीठाच्या नामांतराच्या बंदापायी एस.टी. गाड्या धड नव्हत्या. ते दिवस चांगुणानं कसे काढले ते तिचं तिला माहीत. ती पोराच्या मागं जाऊन ताट वाजवी. तो वळून बघे. तरी तिचं समाधान होत नसे, आवाजानं वळला की वाऱ्यानं, कुणी सांगावं. गाड्या सुरू झाल्या तसे ते पहिल्या गाडीनं निघाले. फाट्यापर्यंत पोचवायला कडूबाई आली होती. गाडी हलली तेव्हा बन्सी तिच्याकडं बघत राहिला आणि कडूबाई रस्त्याच्या कडेला तशीच उभी राहिली.

डॉक्टरांनी बन्सीला टेबलावर बसवलं, कानात बॅटरी धरली, पाठीमागं किल्ल्यांचा जुडगा वाजवला. बन्सी वळला. दुसऱ्या बाजूनं हलकी टिचकी वाजवली. तिकडंही वळला.

"ऐकू चांगलं येतंय. कानांत काही नाही. हे तेल कशाला घातलंय?"

"दुखतंय त्याला," चांगुणा म्हणाली. "लय वढतो कान."

"दात येत असतील. पोरं धरतात कान. तेल बंद करा."

"आन् बोलत न्हाई, डॉक्टरसाहेब."

"बोलेल हो. वर्षाचा तरी होऊ द्या."

डॉक्टर लिहायला वळले. टेबलावर एकटा बसलेला बन्सी भेदरला होता. त्यानं चांगुणाकडं पाहिलं, ओठ काढले आणि दोन्ही हातांनी दोन्ही कान धरले.

"बगा, बगा! आत्ता वढायलाय बगा!" चांगुणा ओरडली.

डॉक्टरांनी मान वर केली, हसले आणि पुढच्या माणसाला आत बोलावलं.

नागनाथचा जीव भांड्यात पडला. त्यानं स्टँडवर जिलबी घेतली आणि गाडीत खिडकीची जागा मिळवली. चांगुणानं जिलबी हातातच धरून ठेवली.

"आता तरी आक्काला न्हाऊ घालू दे," तो म्हणाला. "अन्न गोड लागंना तिला. मला बी तिनंच न्हाऊ घातलं. मी मुका हाय का?"

"तुमची माय होती की बोलायला."

"मग ह्याची न्हाई का?"

"मी बोलून बोलून बेजार झाले. माझ्याकडं निस्ता बगतो आन् कान धरतो. मला आई म्हनंल का न्हाई हो त्यो कदी? का मी बी आक्काच्या मायवानी जलमभर वाट बगू?"

तिच्या हातातली जिलबी नागनाथनं काढून घेतली आणि कागदात परत गुंडाळली.

तेल बंद झालं नाही. धुरपताबाई म्हणाली, डॉक्टराला वरून काय दिसतंय, दुखणं आत असतं. चांगुणाला हे पटलं असं नाही, पण हातावर हात ठेवून बसवतही नव्हतं.

कापसाची शेवटची वेचणी निघाली. बाया मिळेनात तेव्हा नागनाथनं तिला शेतात यायला सांगितलं. बन्सीला न्हाऊ घालून, तेल सोडून, बोळे घालून तिनं त्याला मुंजाजीच्या बाजेवर निजवलं.

"मामा, उठला तर भात कालवून ठेवलाय. आक्काकडं न्हानीत देऊ नका."

"बरं," म्हातारा म्हणाला आणि कूस वळला.

वेचणीत तिचं मन लागलं नाही. बोंडातला कापूस निम्मा तसाच राही आणि ती पुढं जाई. ऊन डोक्यावर यायच्या आधीच तिनं ओटीतला कापूस ढिगावर रिकामा केला आणि नागनाथला न विचारता घराची वाट धरली. जवळ पडतं म्हणून ती गोठ्याच्या बाजूनं आली.

अंगणातून पाण्याचा आवाज येत होता.

तिच्या डोक्यात सणक गेली. गोठ्याच्या कुडाला धरून तिनं पुढं पाहिलं. बाजेवर मुंजाजी घोरत होता. उन्हात घंगाळ होतं आणि घंगाळात कमरेपर्यंत पाण्यात बन्सी बसला होता. भातानं माखलेलं त्याचं आंगडं दगडावर पडलं होतं, शेजारी कापसाचे दोन बोळे. कडूबाई समोर उकिडवी बसली होती, तांब्या वर धरून.

चांगुणा ओरडणार होती. मग तिच्या ध्यानात आलं की ओरडून काय उपयोग, आणि तेवढ्या वेळात तिला पोराचं तोंड दिसलं. बन्सी तांब्याकडं बघत होता. त्यानं पाण्यावर हात आपटला. तांब्या ओतला गेला. तो हसला, पोट हलेपर्यंत हसला. कितीतरी दिवसांत तिनं हे हसू पाहिलं नव्हतं.

कडूबाईनं तांब्या खाली ठेवला आणि मिशीला पीळ दिला. बन्सी गर्रकन वळून बाजेकडं बघायला लागला. तिनं दातांवरून बोट फिरवलं. बन्सीनं धुरपताबाईच्या भिंतीकडं पाहिलं. तिनं कपाळावर आडवं बोट ठेवलं. बन्सीनं अंगणाच्या फाटकाकडं पाहिलं, जिथून रोज बाप येतो.

मग कडूबाईनं कानाची वरची कड चिमटीत धरली. जिथं बुगडी असते तिथं.

बन्सीनं स्वयंपाकघराच्या दाराकडं पाहिलं. दारात कुणी नव्हतं. त्यानं जोत्याकडं पाहिलं, तिथंही नव्हतं. त्याचा चेहरा बारीक झाला. त्यानं आपला कान मुठीत धरला, ओढला, आणि रिकाम्या दाराकडं बघत म्हणाला,

"अंऽऽ."

चांगुणाचा हात आपसूक कानाकडं गेला. बुगडी तिथंच होती, आजीची, लग्नाच्या दिवशी कडूबाईनं बोट लावून पाहिलेली. सकाळी उठल्यावर. पाण्याला निघाली की. भूक लागली की. पाथरीच्या टेबलावर, दोन्ही हातांनी. ती मट्‌कन खाली बसली. कुडाची काडी मोडली, आणि त्या आवाजानं बन्सी वळला.

त्याला ती दिसली. त्यानं दोन्ही हात तिच्याकडं केले, मग एक मागं नेऊन कान धरला.

पोर कुठं बघतंय म्हणून कडूबाईनंही पाहिलं आणि ती घाबरून उठली. ओले हात लुगड्याला पुसत ती बाजूला सरली, तांब्या भावजयीसाठी दगडावर ठेवला आणि गोठ्याकडं निघाली. चांगुणानं पुढं होऊन तिचा पदर धरला. ती थांबेना तेव्हा हाताला धरून तिला घंगाळापाशी बसवलं. स्वतःच्या कानाची कड चिमटीत धरली आणि दुसरा तळवा उघडून वर केला. हे कोण?

कडूबाई गोंधळून तिच्याकडं बघत राहिली. ज्याचं नाव त्यालाच सांगायची वेळ तिच्यावर कधी आली नसावी. मग तिनं ओलं बोट पुढं केलं आणि चांगुणाच्या छातीवर टेकवलं.

चांगुणाला रडू आवरेना. ज्या कानांत तिनं इतकं तेल ओतलं होतं त्यांच्याकडं तिला बघवेना. कडूबाईनं तिच्या पाठीवर थाप मारली, एकदा, दोनदा, आणि तांब्या पाण्यात बुडवून भरला. वर धरला. थांबली.

बन्सीनं पाण्यावर हात आपटला नाही. तो आईकडं बघत होता. त्यानं पुन्हा कान धरला आणि ओढला.

"ओ," चांगुणा म्हणाली.